दहाव्या गड्याची जागा

मळमड्डीतल्या आमच्या घराची रस्त्याकडची खोली आता एका झेरॉक्सवाल्याला भाड्यानं दिली आहे. माणूस सभ्य आहे. खोलीला रंग देऊ का, असं त्यानं मागं एकदा विचारलं होतं, परवा पुन्हा विचारलं. दोन्ही वेळा मी, बघू, एवढंच म्हणालो. त्या खोलीच्या भिंतींवर खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, चुन्याचे पोपडे उडालेले आहेत. तिथं बसून खेळणाऱ्या मुलांच्या बुटांच्या ठोकरांनी ते उडाले. जिथं पोपडे जास्त, तिथं हरणारी बाजू बसायची, असं धाकटा म्हणायचा. रंग दिला की ते बुजणार. घरात आता मी एकटाच असल्यामुळे या गोष्टीचा निर्णय दुसऱ्या कुणावर ढकलताही येत नाही.

धाकटा म्हणजे माझा धाकटा भाऊ. वडील आमच्या लहानपणीच गेले, त्यामुळे घरात आई, मी आणि तो. मी इथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो आणि तिथंच मुरलो. तो तारिहाळला एका कारखान्यात लेथवर होता. रोज सकाळी डबा घेऊन हुबळीची बस धरायचा. नव्वदीच्या अखेरीस तो कारखाना बंद पडला. काही महिने धाकटा घरी बसून राहिला, आईला भाजी निवडून देत, माझ्या कपाटातली पुस्तकं उलटीपालटी करत. मग एक दिवस हुबळीतल्या कुठल्याशा मोडीत निघालेल्या कॉम्प्युटर क्लासमधून अकरा जुनी यंत्रं टेम्पोत घालून घेऊन आला. दहा त्या रस्त्याकडच्या खोलीत भिंतींना लावली, अकरावं दाराशी काउंटरवर ठेवलं आणि बाहेर सायबर कॅफेची पाटी लावली.

सुरुवातीला लोक यायचे ते मेल बघायला आणि परीक्षांचे निकाल बघायला. पण फोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट इतकं मंद असायचं की एक पान उघडेपर्यंत मुलं जांभया द्यायची. तेव्हा त्यानं सगळी यंत्रं वायरींनी एकमेकांना जोडली आणि त्यांवर बंदुकीचा एक खेळ घातला. दोन बाजू करायच्या आणि एकमेकांना टिपायचं. त्याला इंटरनेट लागत नव्हतं. सगळा खेळ काउंटरवरच्या यंत्रातून चालायचा. त्या यंत्राला तो सर्व्हर म्हणायचा. सर्व्हर म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा जरा विचार करून म्हणाला, "दादा, तुझ्या ग्रंथालयातलं काउंटर असतं की, तसंच. आत कोण आहे, किती आहेत, ते त्यालाच ठाऊक."

आत किती घ्यायचे, या एका आकड्यावर त्यानं फार दिवस घालवले. ज्या फाइलीतून खेळ चालायचा तिच्यात एक ओळ असायची, जास्तीत जास्त खेळाडू किती, आणि तिच्यापुढं आकडा. आधी त्यानं अकरा घातले. तेव्हा ते म्हातारं यंत्र धापा टाकायला लागलं. झाडलेली गोळी क्षणभर उशिरा लागायची, मेलेला गडी दोन पावलं चालून मग पडायचा. मुलं हसायची, पण वैतागायची. मग आठ केले. यंत्र नीट चालायचं, पण उरलेली मुलं खेळणाऱ्यांच्या मानेवर श्वास सोडत मागं उभी राहायची, आणि ते त्याला बघवायचं नाही. शेवटी दहावर येऊन थांबला. इकडं पाच, तिकडं पाच. दहांपैकी नऊ जागा कुणालाही उघड्या. दहावी त्यानं स्वतःसाठी राखून ठेवली. तिला त्याचा परवलीचा शब्द लागायचा. नऊ मुलं झाली की बाजू पाच आणि चार अशा पडायच्या, आणि जिकडं चार तिकडं तो काउंटरवरून सामील व्हायचा. भिंतीजवळचं दहावं यंत्र मेलवाल्यांसाठी रिकामं राहायचं.

हे त्याचं लहानपणापासूनचं होतं. गल्लीत आम्ही मोठी पोरं खेळायचो तेव्हा तो सगळ्यांत लहान, म्हणून लिंबूटिंबू. लिंबूटिंबूवर राज्य येत नाही, तो बाद होत नाही, त्याला कुणी मोजतही नाही. हरणारी बाजू रडायला लागली की त्याला तिच्या पदरात टाकायचं. मोठा झाल्यावर तो आपण होऊन तिकडं जायला लागला, एवढाच फरक. मुलं त्याला अण्णा म्हणायची. अण्णा ज्या बाजूला ती हरणार, हे ठरलेलंच, कारण त्याला नेम धरता येत नसे.

तापाचं निमित्त झालं. दोन-तीन दिवस त्यानं अंगावर काढला, मग त्याला हुबळीला मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि तिथून तो परत आला नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

दहाव्याला आम्ही गावाबाहेरच्या तळ्याकाठी गेलो. आमचे काका हुबळीहून आले होते. थोड्या अंतरावर त्याची मुलं उभी होती, खेळायला येणारी. त्यातल्या बहुतेकांनी असलं काही आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं असावं. भटजींनी पिंड पानावर मांडला आणि सगळ्यांना मागं सरायला सांगितलं. चिंचेवर कावळे होते, पण एकही खाली येईना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, असं आपल्यात मानतात. मग मागं राहिलेल्यांनी हात जोडून एकेक वचन द्यायचं. माझा यावर विश्वास होता की नव्हता, हे मला त्या दिवशीही सांगता आलं नसतं. पण उन्हात तो पांढरा पिंड तसाच पडलेला पाहून माझे हात आपोआप जोडले गेले.

काका म्हणाले, आईची काळजी करू नको, आम्ही आहोत. कावळे ढिम्म. मी म्हणालो, आईला मी अंतर देणार नाही. काही नाही. मग मी म्हणालो, तुझं दुकान बंद पडू देणार नाही. एक कावळा वरच्या फांदीवरून खालच्या फांदीवर आला. काका माझ्या कानाशी लागून म्हणाले, "बरोबर आहे, त्याच अंगानं जा."

पण पुढं काय म्हणायचं ते मला सुचेना. तेव्हा मुलांमधला एक उंचसा मुलगा पुढं आला. अळणावरजवळच्या एका खेड्यातला, इथं पॉलिटेक्निकला होता आणि दुकानात रोज संध्याकाळचा. हलक्या आवाजात मला म्हणाला, "सर, अवर जागा यारिगू कोडूदिल्ल अंत हेळ्री." त्यांची जागा कुणालाही देणार नाही, असं सांगा. मला वाटलं, तो काउंटरमागच्या खुर्चीबद्दल बोलतोय. मी ते मोठ्यानं मराठीत म्हणालो. त्या मुलानंही हात जोडून तेच कानडीत म्हटलं. कावळा उतरला, दोन उड्या मारून पानापाशी गेला आणि पिंडाला शिवला.

घरी आल्यावर तळ्यावर काय काय झालं ते सगळं मी आईला सांगितलं. दुकानाचं वचन तिनं नुसतं ऐकून घेतलं. जागेचं ऐकल्यावर मात्र म्हणाली, "ते बरं केलंत."

मग मी ग्रंथालयातून आल्यावर, संध्याकाळपुरतं, दुकान उघडायला लागलो. यंत्रं कशी चालू करायची, करंट गेला तर काय करायचं, हे त्या उंच मुलानं मला शिकवलं. तळ्याकाठी आपण कशाचं वचन दिलं ते मला तेव्हा कळलं. त्यानं ती फाइल उघडून दाखवली. एका ओळीत एकूण खेळाडू, दहा. तिच्याखालच्या ओळीत राखीव, एक. "हे असंच ठेवायचं, सर," तो म्हणाला. पडद्यावर खेळणाऱ्यांची नावं एकाखाली एक दिसायची. नऊ नावं आणि मग एक कोरी ओळ.

पहिले काही महिने मुलांनी ते फार मनापासून पाळलं. चौघांच्या बाजूला ती अण्णांची बाजू म्हणायची आणि तिकडं खेळायला आळीपाळीनं जायची. खेळ सुरू होताना कुणीतरी "अण्णा, बर्री" म्हणायचं. या, अण्णा. मग चौघं पाचांशी खेळायचे आणि हरायचे. हरल्यावर हसायचेही. मी काउंटरवर पुस्तक उघडून बसलेला असायचो. पान उलटायचं भान राहायचं नाही.

दुकान बंद करून आत गेलो की आई दार उघडताना विचारायची, "त्याची जागा आहे ना?"

मी म्हणायचो, "आहे."

मग ती मला वाढायची. धाकटा गेल्यापासून ती माझ्याबरोबर जेवत नव्हती. तुझं होऊ दे, मग बसते, म्हणायची. नंतर ती काय जेवायची, जेवायची की नाही, ते मी कधी पाहिलं नाही.

कॉलेजच्या गावात माणसं टिकत नाहीत. परीक्षा झाल्या आणि त्याची मुलं पांगली. तो उंच मुलगा गावाजवळच्याच बेलूरला एका कारखान्यात लागला. आधी रविवारी यायचा, मग शिफ्टमुळे तेही तुटलं. नवीन मुलं आली, त्यांनी धाकट्याला पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी अण्णांची बाजू म्हणजे हरायची बाजू. तिकडं कुणी जायचं यावरून भांडणं व्हायला लागली. मग ती बाजू दमदाटीनं नवख्यांच्या गळ्यात पडायला लागली. आणि दहावा कुणी आला तर त्याच्या पडद्यावर सर्व्हर फुल्ल अशी पाटी यायची.

असाच एक मुलगा काउंटरवर आला. म्हणाला, "सर, आत नऊच जण दिसतात की. फुल्ल कसं?"

मी म्हणालो, एक जागा राखीव आहे.

"कुणासाठी?"

"माझ्या भावासाठी."

"मग ते येईपर्यंत खेळू का? आले की उठतो."

मागून दुसऱ्या एकानं त्याची बाही ओढली आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो मुलगा खाली बघत निघून गेला. त्याच्याबरोबर आलेले नऊ जणही उठले. टोळक्यांचं असंच असतं. नऊ आत आणि एक बाहेर, हे कुठल्याही टोळक्याला चालत नाही. मोठ्या रस्त्यावर तोवर एक नवं, काचेच्या दाराचं कॅफे निघालं होतं. तिथं सोळाजण एका वेळी खेळू शकत होते.

आमच्याकडं कधी सहा, कधी चार असे दिवस यायला लागले. मी दुकान चालू ठेवण्याचं वचन दिलं होतं आणि जागा रिकामी ठेवण्याचंही. दोन्ही वचनं एकाच तोंडानं, एकाच कावळ्यापुढं दिलेली. ती एकमेकांना खात चालली होती. काका एकदा आले, रिकाम्या खुर्च्या बघून म्हणाले, आता कुलूप लाव आणि खोली भाड्यानं दे. मी जागेचं सांगितलं तर वैतागून म्हणाले, "कावळ्याला काय कळतंय सर्व्हरमधलं?"

"मग त्या दिवशी त्याच्याशी तुम्ही का बोलत होता?" मी विचारलं. काका निघताना माझ्या पाठीवरून हात फिरवून गेले.

तो उंच मुलगाही एका सुट्टीच्या दिवशी डोकावला. कारखान्याचा निळा शर्ट अंगात होता. दुकानाची अवस्था पाहून तो दारातच थांबला. मग म्हणाला, तळ्यावर मीच तुम्हाला ते म्हणायला लावलं होतं, आता मीच सांगतो, ती राखीव ओळ काढून टाका. मी त्याला म्हणालो, ते माझ्या हातात नाही. खरंच नव्हतं. एकदा कुणी नसताना मी फाइल उघडून त्या एकावर जाऊन थांबलोही होतो. पण रात्री दार उघडून आई विचारणार, त्याची जागा आहे ना, आणि मला तिच्या तोंडावर नाही म्हणावं लागणार. मी फाइल तशीच मिटली. मुलांसाठी किंवा दुकानासाठी एकवेळ वचन मोडलं असतं. पण आई त्या एका उत्तरावर उभी आहे, असं मला वाटत होतं.

वर्षश्राद्ध आलं. धाकट्याच्या जागी बसायला आमच्याच गल्लीतले एक निवृत्त शाळामास्तर बोलावले होते. आईनं खीर केली, वडे केले, आमसुलाची चटणी केली. मास्तरांना दात थोडेच, पण आई समोर बसून वाढत होती. "अजून एक घ्या, वडे त्याला फार आवडायचे," म्हणाली. मास्तरांनी मुकाट्यानं अजून एक वडा घेतला आणि खिरीत बुडवून सावकाश खाल्ला. त्यांच्याकडं बघताना आईचा चेहरा वर्षभरात कधी नव्हता इतका शांत दिसला.

ते गेल्यावर मी पानं उचलत होतो. आई मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसली होती. सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "तिथं त्याच्या जागेवर हल्ली कोण बसतं रे?"

"कोणी नाही. रिकामीच आहे की."

"आज रिकामी?"

"रोजच. वर्षभर तशीच ठेवली आहे."

तिनं मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, "मग तो खेळतो कसा?"

मला तिचं बोलणं उमगेना. मग तिनं सांगितलं. दुपार कलली की, मी ग्रंथालयात असताना, धाकटा दुकानातून उठून तिच्याकडं चहाला यायचा. दुकान उघडं टाकून आलास का, असं ती विचारायची. तेव्हा तो म्हणायचा, उघडं कशाला, कुणीतरी ताटकळत होता, त्याला माझ्या जागेवर बसवून आलोय, माझ्या नावानं तो खेळतोय. हे रोजचंच होतं. जागा राखायचं वचन दिलं म्हणजे तेच चालू राहील, असं ती धरून चालली होती. श्राद्धाला नाही का आपण कुणालातरी बसवत, तसं रोज तिथं कुणीतरी पोरगा बसत असेल, आणि धाकट्याला ते पोचत असेल. म्हणून तर ती मला रोज विचारत होती.

"वर्षभर उपाशी ठेवलात की रे त्याला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. माझ्या हातातलं पान घेऊन ती गाईला घालायला गेली.

श्राद्धाच्या दिवशी दुकान उघडू नये, असं काका म्हणत होते, तरी मी उघडलं. आधी ती फाइल काढली. राखीवच्या पुढचा एक पुसून तिथं शून्य घातलं. बदल लागू व्हायला सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. तेवढ्यात आत बसलेली चार मुलं ओरडली, करंट गेला की काय म्हणून. सर्व्हर पुन्हा चालू झाला. दहाच्या दहा जागा उघड्या होत्या आणि आत चौघंच होते. इकडं दोन, तिकडं दोन. कुठल्याच बाजूला कुणी कमी नव्हतं.

त्या रात्री आईनं दार उघडून विचारलं, "बसलं का कोण?"

मी म्हणालो, "नाही."

आधी रोज आहे म्हणायचो, आता रोज नाही म्हणायला लागलो. जागा मोकळी केली म्हणून मुलं काही परत येत नाहीत. ती काचेच्या दाराच्या कॅफेत रमली होती. कधी पाच यायचे, कधी सात. आठ झाले तर मी पुस्तक मिटून दाराकडं बघत बसायचो. आई विचारायची, मी नाही म्हणायचो, ती वाढायची. धाकट्याची जागा मीच घ्यावी, असंही एकदा मनात आलं. पण दहावी जागा भरायला आधी नऊ माणसं आत असावी लागतात.

मग परीक्षा संपल्याच्या एका संध्याकाळी हॉस्टेलची एक मोठी टोळी आली. मोठ्या रस्त्यावरचं कॅफे भरलं होतं, म्हणून आमच्याकडं वळली. मुलं भराभर खुर्च्या ओढून बसली. शेवटी जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक मुलगा उरला. तो सरळ काउंटरवर आला. त्याला अशा वेळी उरायची सवय असावी.

"सर, फुल्ल झालं?"

"नाही," मी म्हणालो. "एक जागा आहे. बस."

तो मेलवाल्यांच्या यंत्रावर बसला आणि चौघांच्या बाजूला गेला. त्याला खेळता येत नव्हतं. दर वेळी तोच आधी मरायचा, आणि त्याच्या बाजूचे त्याच्या नावानं शंख करायचे. पण त्याला उठ कुणी म्हटलं नाही. माझ्या समोरच्या पडद्यावर नऊ नावांखालच्या कोऱ्या ओळीत त्याचं नाव होतं. ते धाकट्याचं नाव नव्हतं. माझी नजर सारखी त्याच ओळीवर जात होती. त्यांची बाजू हरली. भिंतीला ठोकरा बसल्या. जाताना मुलगा चष्मा पुसत माझ्याकडं बघून ओशाळं हसला. ती टोळी पुन्हा कधी आली नाही.

मी कुलूप लावून आत आलो. आई दारात होती.

"बसलं का कोण?"

"बसलं."

"कुणाचा पोरगा?"

"माहीत नाही. हॉस्टेलचा असावा."

"बरा खेळला?"

"नाही. हरले ते."

"तो तरी कुठं जिंकायचा," आई म्हणाली. ती आत गेली, माझं ताट वाढलं, आणि मग फळीवरून स्वतःचं ताट काढून माझ्या ताटाशेजारी ठेवलं.